आकाश कुणाच्या बापाचं?

आपल्याकडं रेडिओला नाव मिळालं 'आकाशवाणी'. शब्द नीट बघा दोस्तांनो. पुराणात आकाशातून बोलायचा मक्ता देवाचा. कंसाला धमकी द्यायची, तर आकाशवाणी. खालच्यांनी फक्त ऐकायचं, हात जोडायचे. शंबूकानं वर बघायची हिंमत केली तर त्याचं मुंडकं गेलं. आणि ह्याच आकाशवाणीचं बोधवाक्य काय? 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. हे शब्द तथागताचे. सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना त्यानं सांगितलं की निघा, माणसांच्या भल्यासाठी फिरा, दोघं एका वाटेनं जाऊ नका.

म्हणजे नाव देवाचं आणि ब्रीद बुद्धाचं. ह्या दोन्हीच्या मधे लोखंडाचा एक मनोरा उभा आहे. तो कुणाचा, एवढाच माझा सवाल आहे.

मी सांगलीच्या मनोऱ्याबद्दल बोलतोय. सांगली आकाशवाणी सुरू झाली १९६३ साली. मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्झ. सांगली जिल्हा तेव्हा नवा होता. १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा काढला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. सातारा-सांगली एकाच अंगाचे दोन हात. कृष्णाकाठचा ऊस एकीकडं, माण-खटाव-आटपाडी-जतचा फुफाटा दुसरीकडं. दोन्हीकडं एकच लाट जायची. चहाच्या टपरीवर, केसकर्तनालयात, शेतातल्या खोपीत. सेट ठेवायचा तर पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागायचे. ज्याच्याकडं सेट नाही तो दुसऱ्याच्या ओट्याखाली उभा राहून ऐकायचा. ओट्यावर बसायची परवानगी कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे मी सांगायला पाहिजे का?

पण त्याआधी खेड्याचा रेडिओ कोण होता? आपण होतो. दवंडी पिटणारा महार. वेशीवर जागणारा येसकर. मेल्याचा सांगावा घेऊन दहा दहा कोस पळणारा तराळ. हलगी वाजवणारा मांग. पाटलाचा हुकूम, सरकारचा सारा, सोयऱ्याचं मर्तिक, देवीची जत्रा, ह्यातलं एकबी आपल्या पायाशिवाय आणि गळ्याशिवाय गावाला कळत नव्हतं. शेकडो वर्षं आपण प्रक्षेपण केलं. पण त्यातला एक शब्द आपला नव्हता. बातमी त्यांची, पाय आपले. मजकूर त्यांचा, गळा आपला. मोबदला काय? शिळी भाकरी आणि मेलेलं ढोर.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं प्रत्यक्ष गेली १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे हिशेब बघा. १९५८ ला आपल्या गळ्यातली दवंडी उतरली आणि पाच वर्षांत सांगलीला मनोरा उभा राहिला. पायानं चालणारा रेडिओ सुटला, विजेवर चालणारा आला. आता तरी मजकूर आपला व्हायला पाहिजे होता. झाला का?

मीडियम वेव्हच्या मनोऱ्याचं एक वैशिष्ट्य आहे. ते समजून घ्या, पुढं कामाला येईल. एफएमचा अँटेना उंचावर टांगतात, आणि खांब नुसता त्याचं ओझं धरून ठेवतो. मीडियम वेव्हला खांब हाच अँटेना असतो. १२५१ किलोहर्ट्झची लाट सुमारे २४० मीटर लांब. तिला पेलणारा खांब लाटेच्या पाव हिश्श्याएवढा म्हणजे साधारण ६० मीटर धरतात. अशा खांबाच्या बुडाखाली बहुधा चिनी मातीचा जाड इन्सुलेटर असतो. आणि त्याच्या सभोवार जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या, चारी दिशांना. लोकांना वरचा खांब दिसतो, त्यावरचा लाल दिवा दिसतो. पण निम्मं काम ही पुरलेली तार आणि ओली माती करते. माती कोरडी पडली, तार चोरीला गेली, की वरचा खांब कितीबी चकचकीत असू द्या, आवाज पांगळा होतो.

मी गोदीत मजुरी करतो. लोखंड उभं करायला काय लागतं ते मला कळतं. वर जे उभं राहतं त्याचं नाव होतं, आणि खाली जे पुरलं जातं त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

सातारा-सांगलीच्या जमिनीत काय पुरलंय बघा. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजीचं नाव दाखल झालं. त्याची आई भीमाबाई साताऱ्याच्याच मातीत गेली. १९०१ साली ही पोरं बापाला भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. बाप कोरेगावला खजिनदार होता. येत असल्याचं पत्र पाठवलेलं होतं, पण नोकर ते सांगायला विसरला. न्यायला कुणी आलं नाही. नवे कपडे घातलेली पोरं बघून स्टेशनमास्तर मायेनं बोलत होता. 'महार' हा शब्द ऐकला आणि त्याचं तोंड फिरलं. गाडीवान दुप्पट भाडं घेऊन बरोबर आला, पण बैल पोरांनीच हाकायचे आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. एक निरोप पोचला नाही म्हणून! निरोप पोचणं न पोचणं ही पांढरपेशांसाठी गैरसोयीची गोष्ट असेल. आपल्यासाठी ती पाण्याची गोष्ट आहे.

वाळवे तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णाभाऊंचं. दीड दिवस शाळा केलेला माणूस. बापाचं बोट धरून मुंबईला चालत गेला आणि १९५९ ला 'फकिरा' देऊन बसला. रेठरे हरणाक्षही वाळव्यातलंच. तिथला श्रीधर कुलकर्णी तमाशात उतरला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या फडात उभी राहिलेली पवळा महाराची. बापूरावाचं नाव शाळेच्या पुस्तकात गेलं, पवळाचं किती ठिकाणी गेलं? मिरजेजवळचं कवलापूर, तिथले काळू-बाळू. तमाशाच्या तंबूत ह्या दोघांनी महाराष्ट्र हसवला आणि रडवला. आणि खुद्द सांगली म्हणजे नाट्यपंढरी, कारण १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी संस्थानिकाच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं. त्याआधी गावोगाव जे उभं होतं ते नाटक नव्हतं म्हणे. तो 'तमाशा' होता.

आता मायक्रोफोनच्या दारात कोण उभं होतं ते बघू. १९४० पासून तीस वर्षं रेडिओवर बाजाच्या पेटीला मज्जाव होता, का तर तिचे सूर शुद्ध नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास बैठकीच्या गाणाऱ्या बायांना दार बंद झालं, का तर त्यांचं चारित्र्य शुद्ध नाही. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडं होतं. मराठी माणूस. त्यांनी सिनेमाची गाणी हाकलली, का तर अभिरुची शुद्ध राहायला पाहिजे. लोकांनी सरळ सुई रेडिओ सिलोनकडं फिरवली. शेवटी झक मारून सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. सूर शुद्ध, बाई शुद्ध, रुची शुद्ध! हा शब्द ओळखीचा वाटतो ना? पाणवठ्यावर हाच शब्द होता, देवळाच्या पायरीवर हाच होता. स्टुडिओच्या जाड दारावर तो इंग्रजी पॉलिश मारून आला, एवढंच.

त्याच केसकरांच्या काळात ऑडिशन आणि ग्रेड हे तंत्र पक्कं झालं. कलावंताला बी, बी-हाय, ए, टॉप असे दर्जे. दर्जाप्रमाणं पैसे. शास्त्रीय वर, सुगम मधे, लोकसंगीत खाली. मला सांगा, ह्याला उतरंड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मिरजेचा तंबोरा 'शास्त्रीय' आणि कवलापूरची ढोलकी 'लोक'. तंबोऱ्याचा भोपळा माती खाऊनच मोठा होतो आणि ढोलकीचं कातडं ढोराच्या अंगावरून येतं. कातडं कमावणारा कोण, हा प्रश्न ऑडिशनच्या फॉर्मवर नसतो.

एका केंद्रावर मला कविता वाचायला बोलावलं होतं. नाव घेत नाही, नाव घेतलं की एका साहेबावर बिल फाटतं आणि बाकीचे सुटतात. साहेब भला होता, चहा पाजला. म्हणाला, कविता जोरदार आहे. फक्त शिवी काढा, 'म्हारवाडा' काढा, आणि 'न्हाय'चं 'नाही' करा. काढत काढत शेवटी कागदावर चंद्र आणि पाऊस उरला. म्हटलं, साहेब, हे तर तुमच्याकडं आधीच भरपूर आहे. आणि उठलो.

आता कुणी म्हणेल, अहो, १४ एप्रिलला असतात की कार्यक्रम, ६ डिसेंबरला असतात. असतात. वर्षात दोन दिवस आपलं आकाश, ३६३ दिवस त्यांचं. बाबासाहेब स्वतः ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बोलले होते. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता ह्या तीन शब्दांत आहे आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नसून गुरू बुद्धाकडून घेतलं आहे, असं त्यांनी देशाला सांगितलं. त्या भाषणानंतर बरोब्बर सत्तर वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पालीलाही दिला. बुद्धाची भाषा अभिजात झाली! पेढे वाटले गेले. पण अभिजात म्हणजे काय? जुनं असणं? मग हलगीइतकं जुनं काय आहे? जात्यावर बसलेल्या आपल्या आयांच्या गळ्याइतकं जुनं काय आहे? जुनेपणाचा दाखला दगडावर आणि पोथीत मागतात. ज्यांना दगड फोडायला लावला आणि पोथीला शिवू दिलं नाही, त्यांनी दाखला कुठून आणायचा?

हा 'क्लासिक'चा धंदा आपल्यापुरताच नाही. ज्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या मुलखात बघा. अमेरिकेत 'क्लासिक रॉक' वाजवणारी रेडिओ स्टेशनं गावोगाव आहेत. साठ-सत्तरच्या दशकातली रॉकची गाणी दिवसभर, आणि बहुतेक बँड गोऱ्यांचे. पण ह्या रॉकची माती कुणाची? आर्थर क्रुडप नावाचा काळा शेतमजूर होता. त्यानं १९४६ ला रेकॉर्ड केलेलं गाणं १९५४ ला एल्विस प्रेस्ली गायला आणि एल्विसची गाडी सुटली. क्रुडप मजुरीच करत राहिला, गाण्याचे हक्काचे पैसे त्याला जन्मभर भांडून मिळाले नाहीत. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची, एल्विस शाळेत होता तेव्हा. १९७३ ला ती मेली. तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगड नव्हता. रॉकच्या कीर्तिमंदिरात एल्विस गेला १९८६ ला, पहिल्याच तुकडीत. रोझेटा गेली २०१८ ला. बत्तीस वर्षं उंबऱ्यावर! क्लासिकच्या देवळाला तिकडंबी गाभारा आहे आणि तिकडंबी पायरी आहे.

पण त्या लोकांनी नुसतं रडगाणं गायलं नाही. १९४९ ला अटलांटा शहरात डब्ल्यूईआरडी नावाचं स्टेशन काळ्या माणसानं विकत घेतलं, काळ्या मालकीचं अमेरिकेतलं पहिलं. मार्टिन ल्यूथर किंगच्या संघटनेची कचेरी पुढं त्याच इमारतीत आली. आवाज आणि चळवळ एका जिन्यावर. हे लक्षात ठेवा.

आपल्याकडंबी दाखले आहेत. तेलंगणातल्या झहीराबादकडं दलित शेतमजूर बायांनी १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' सुरू केला. बी-बियाणं, भाकरी, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. त्याच २००८ ला आपल्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झालं. जतच्या जालिहाळला 'येरळावाणी' आहे. म्हणजे दुष्काळी माणूस मायक्रोफोन धरू शकतो, हे सिद्ध करायचं काही शिल्लक नाही.

मग अडतं कुठं? कायद्यात अडतं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. वा! पण ह्या मालमत्तेवर जनतेनं बोलायचं काय? सामुदायिक रेडिओला नि खाजगी एफएमला स्वतःची बातमी द्यायला बंदी. आकाशवाणीची बातमी आहे तशी लावायची. गाणं म्हण, पाककृती सांग, पण गावात बहिष्कार पडला, विहिरीवर मारामारी झाली, मजुरी बुडवली, हे बातमी म्हणून सांगू नको. पुन्हा तेच झालं ना? गळा आपला, मजकूर त्यांचा. ही दवंडीच झाली, एफएमवरची.

ह्याच देशानं १९४२ ला काय केलं? मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला पहिला आवाज, १२ नोव्हेंबरला धाड. उषाताईंना चार वर्षांची सजा. त्यांना आपण मानतो, मानलंच पाहिजे. पुढल्याच साली साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्यालाही मानतो. पण उद्या आपल्या वस्तीत कुणी विनापरवाना ट्रान्समीटर लावून बहिष्काराची बातमी दिली, तर त्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणतील का नक्षलवादी? उत्तर तुमचं तुम्हीच द्या.

आता खरी गोष्ट. हे जुने मीडियम वेव्हचे मनोरे देशात एकेक करून बंद होताहेत. जून २०२३ ला पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करायचा हुकूम निघाला होता, ओरड झाली म्हणून तो थांबवावा लागला. केंद्राकेंद्रावर कायम माणसं कमी आणि ड्यूटीगणिक पैसे घेणारे नैमित्तिक निवेदक वर्षानुवर्षं ताटकळत. सांगतात काय, तर रेडिओ आता कोण ऐकतो, मोबाईल आहे की.

दोस्तांनो, ही भाषा आपल्याला पाठ झाली पाहिजे. आपण गिरणीत कायम व्हायला लागलो, गिरण्या बंद. गोदीत बोर्डाखाली हक्काचं काम मिळालं, बोर्ड गेलं, कंत्राट आलं. सरकारी खात्यात राखीव जागा भरायची वेळ आली, भरतीच थांबली. आपण दाराशी पोचलो की घर पाडायला काढतात, आणि वर म्हणतात, घर जुनं झालं होतं.

आणि मोबाईलचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा-वारणा सांगलीत घुसली. पलूसच्या ब्रह्मनाळला माणसं घेऊन जाणारी नाव उलटली. अशा पुरात पहिली वीज जाते, मग मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी जाते, मग हातातला फोन दगड होतो. दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर मात्र बोलत राहतो. एफएमची लाट डोंगराला अडते. मीडियम वेव्हची लाट जमिनीला धरून जाते, खोऱ्यात उतरते, रात्री तर आकाशाला आपटून लांब जाते. पाटण-शिराळ्याच्या कपारीतल्या धनगरवाड्याला आणि जतच्या टोकाच्या मांगवाड्याला ती पोचते. तिला रिचार्ज लागत नाही. ज्याच्या खिशात रिचार्ज नाही त्याला पुराचा निरोप मिळू नये, असं ज्यांना चालतं, ते मसूरच्या स्टेशनमास्तराचे नातू आहेत.

म्हणून मी 'मनोरा पाडा' म्हणणाऱ्यातला नाही आणि 'मनोरा वाचवा' म्हणून नुसता मेणबत्ती लावणाऱ्यातलाही नाही. मला मनोरा पाहिजे आणि त्याच्या बुडाखालचा मायक्रोफोनही पाहिजे. मागण्या साध्या आहेत.

१९६३ पासूनच्या टेपा बाहेर काढा. सांगली केंद्र सुरू झालं त्यानंतर सहा वर्षं अण्णाभाऊ जिवंत होते. त्या सहा वर्षांत त्यांचा आवाज किती मिनिटं वाजला, ते मोजून जाहीर करा. काळू-बाळू किती वाजले, मोजा. भीमगीतं किती, पोवाडे किती, आणि कीर्तनं किती, तेही मोजा. ऑडिशनच्या समितीत हलगीवाला, सनईवाला, फडावरची बाई बसवा. ढोलकीची परीक्षा तंबोऱ्यानं घेऊ नये. बोलीला 'शुद्ध' करायची कात्री फेकून द्या. नैमित्तिक निवेदकांना कायम करा. सामुदायिक रेडिओवरची बातमीबंदी उठवा. आणि १४ एप्रिलचा हार नको, आठवड्यातला रोजचा तास द्या.

हे मागायला सांगलीच्या केंद्रावर जायला पाहिजे. पाच-पन्नास पोरं, हलग्या घेऊन. आतल्या माणसांशी भांडण नाही, त्यातले कितीतरी आपल्यासारखेच रोजंदारीचे आहेत. फाटकावर त्यांचंच ब्रीद मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, ह्यातला 'बहुजन' कोण? आम्ही, की आम्हाला वगळून उरलेले? जमिनीखालची तार आम्ही आहोत. ती उपटली की तुमचं आकाश मुकं होतं.